रविवारचे न्हाणे

चिटणीसबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला, तो अमेरिकेच्या प्रवासावर. तेथील रुंद रस्ते, झगमगती दुकाने आणि थंडी यांविषयी आपल्या मंडळातील निम्म्या भगिनी माझ्याहून अधिक सांगू शकतील. मी २०२२ साली तेथे सहा महिने राहिले, आणि त्यांतले बहुतेक रविवार एका न्हाणीघरात बुटक्या स्टुलावर बसून घालवले. म्हणून मी केसांविषयी लिहिणार आहे. ‘हा काय इतिहासाचा विषय झाला?’ असे कुणी म्हणेल. जाण्यापूर्वी मीही तसेच म्हटले असते.

माझी मुलगी न्यू जर्सीत असते. जावई तेथलेच, आफ्रिकी वंशाच्या घराण्यातले. हे मंडळात सर्वांना ठाऊक आहे आणि लग्नाच्या वेळी त्याची चर्चाही यथास्थित होऊन गेली आहे. नात तेव्हा सहा वर्षांची होती. डोळे थेट माझ्या आईचे; केस मात्र सर्वस्वी वडिलांच्या घरचे, दाट, मऊ आणि स्प्रिंगसारखे बारीक वळलेले. बट ओढून धरली तर खांद्याखाली येई, सोडली की कानाशी जाऊन बसे.

पहिल्याच रविवारी मुलीला कामावर जावे लागले. “मी घालते तिला न्हाऊ,” म्हणून मी पदर खोचला. तीन मुलींच्या वेण्या घालून तयार झालेला हात. मला काय शिकायचे होते? सगळे केस डोक्यावर गोळा करून खसाखसा चोळले, पंचाने पुसले आणि पुरते वाळू दिले. ओल्या केसांत फणी घालू नये, हे आपल्याला परकर नेसायच्या वयापासून शिकवलेले. मग फणी घेऊन टाळूपासून खाली ओढू लागले. दोन बोटे खाली गेली आणि अडकली. मी जोर केला, पोर किंचाळली. तासाभराने माझ्या हातात तुटक्या केसांचा पुंजका होता, फणीचे दोन दात मोडले होते, आणि नात पलंगाखाली जाऊन बसली होती. “आजीचे केस चांगले आहेत, माझे वाईट आहेत,” असे ती आतून म्हणाली. तसे मी तोंडाने म्हटले नव्हते. पण तासभर जे चालले होते त्याचा अर्थ पोरीने दुसरा काय लावायचा?

संध्याकाळी विहीणबाई आल्या. नात त्यांना ‘नॅना’ म्हणते. मला पहिले काही दिवस ‘नाना’ असेच ऐकू येई आणि डोळ्यांपुढे धोतर नेसलेले आमचे नाना उभे राहत. विहीणबाई शाळेत ग्रंथपाल होत्या, आता निवृत्त आहेत. त्यांनी केरातला पुंजका पाहिला, मला उणा शब्द बोलल्या नाहीत. “पुढच्या रविवारी मी येते, तुम्ही शेजारी बसा,” एवढेच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी फणीला हातही लावला नाही. कोरड्या केसांना थोडे तेल चोळून नुसत्या बोटांनी मोठमोठे गुंते सैल केले. डोक्याचे चार भाग पाडून प्रत्येकाला चिमटा लावला. साबण फक्त टाळूला, केस खालीच सुटे, वर गोळा करायचे नाहीत. मग एकेक भाग सोडून त्याला भरपूर पाणी आणि मूठभर कंडिशनर, म्हणजे केस बुळबुळीत करणारे मलम. त्यानंतर रुंद दातांचा कंगवा, आणि तो टाळूशी नव्हे तर टोकाशी. टोकाचे दोन बोटे सुटले की दोन बोटे वर, ते सुटले की आणखी वर. गुंत्याच्या वरच्या बाजूला केस मुठीत घट्ट धरलेले, त्यामुळे ओढ मुठीला लागते, टाळूला नाही. एक भाग सुटला की लगेच त्याला पीळ घालून बाजूला ठेवायचा, नाहीतर दुसरा भाग होईपर्यंत पहिला पुन्हा गुंततो. नात मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती. तिने पाने उलटली, रडली नाही. मला तासभर लागून जे झाले नव्हते ते पाऊण तासात झाले.

मी विचारले, ओल्या केसांत फणी कशी चालते? तेव्हा कळले की आपला नियम खोटा नाही, पण तो आपल्यापुरता आहे. सरळ केस आडवा कापला तर छेद साधारण गोल दिसतो. नातीच्या केसाचा चपटा, लंबगोल. टाळूचे तेल सरळ केसावरून खाली उतरते, वेटोळ्यांवरून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून टोके कोरडी राहतात. प्रत्येक वळण ही तुटण्याची कच्ची जागा. कोरडी असताना वेटोळी एकमेकांत अडकतात, पाण्याने आणि मलमाने ती सैल होऊन घसरतात. आपला सरळ केस मात्र ओला असतानाच नाजूक होतो. माझा धडा बरोबर होता, डोके दुसरे होते.

मग रविवारमागून रविवार विहीणबाई विंचरता विंचरता सांगत गेल्या. नाईल नदीच्या खोऱ्यात पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या फण्या सापडल्या आहेत; २०१३ मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात अशा फण्यांचे प्रदर्शनही भरले होते. पश्चिम आफ्रिकेत केस कसे गुंफले आहेत यावरून बाई कोणत्या कुळाची, लग्न झालेली की कुमारिका, हे कळे. आपल्याकडे कुंकू आणि मंगळसूत्र पाहतात तसे. तेथून माणसे गुलाम करून नेली, ती जहाजात फणी घेऊन गेली नाहीत. मळ्यावर सहा दिवस उन्हात काम. हातात वेळ असा रविवारचा, तोही सर्वांना नाही. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून पूर्वीच्या गुलामांच्या आठवणी लिहून घेण्यात आल्या, त्यांत बायका सांगतात की लोकर पिंजायची तारेची फणी केसांतून फिरवीत असू, आणि आठवडाभर केस दोऱ्याने किंवा चिंध्यांनी बांधून वर फडके गुंडाळीत असू. मी ज्याला रविवारचे न्हाणे समजत होते, त्याचे मूळ हे.

त्या फडक्याचीही एक गोष्ट आहे. १७८६ साली लुइझियाना स्पेनच्या ताब्यात होते, तेव्हा गव्हर्नर मिरो याने फर्मान काढले की न्यू ऑर्लिन्समधील स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस उघडे ठेवू नयेत, रुमालाने झाकावेत. त्यांच्या केशरचना गोऱ्या स्त्रियांच्या तोडीस तोड होत्या, हेच दुखणे. बायकांनी हुकूम पाळला. पण रुमाल असे रंगीबेरंगी आणि अशा डौलाने बांधले की तीच फॅशन झाली. त्यांत चौकटीचे मद्रासी कापड फार आवडीचे होते, हे ऐकून मला उगीचच अभिमान वाटला.

तो अभिमान फार वेळ टिकला नाही. स्त्रीच्या केसांवर दुसऱ्याचा हुकूम म्हटल्यावर मला माझी पणजी आठवली. ऐन विशीत ती विधवा झाली. न्हावी माजघराच्या दारात आला, तो मरेपर्यंत येत राहिला. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केस कापणार नाही असे ठरवले होते. त्याला पंधरा-वीस वर्षे होऊन गेली होती, पण ती हवा आमच्या गावापर्यंत पोचली नाही. हे मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितले तेव्हा विहीणबाईंचा कंगवा थांबला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले, हेही सांगितले. ते त्यांनी ओल्या हाताने कॅलेंडरच्या कडेवर लिहून घेतले.

त्यांच्या तोंडी सर्वांत जास्त नाव येई ते मॅडम सी. जे. वॉकर यांचे. मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. २३ डिसेंबर १८६७ रोजी लुइझियानातील डेल्टा येथे जन्म. आईबाप पूर्वीचे गुलाम, घरात स्वतंत्र जन्मलेली ही पहिली. सातव्या वर्षी पोरकी, चौदाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी पदरात एक मुलगी घेऊन विधवा. सेंट लुईसला तिने वर्षानुवर्षे लोकांची धुणी धुतली. केस झडू लागले. त्या काळी गरिबाच्या घरात नळ नसे, डोक्यावरून पाणी महिन्यामहिन्याने पडे, टाळूला खवडे होत. ती प्रथम अ‍ॅनी टर्नबो, पुढच्या मलोन, यांची औषधे विकू लागली, मग १९०५ मध्ये डेन्व्हरला जाऊन स्वतःचे गंधकाचे मलम काढले. डोके वरचेवर धुवा, टाळू निरोगी ठेवा, हा तिचा उपदेश. दुसऱ्यांच्या कपड्यांत आयुष्य घालवलेल्या बाईला पाण्याची किंमत कोणी शिकवायला नको होती. १९१० मध्ये इंडियानापोलिसला कारखाना, हजारो स्त्रिया विक्रेत्या म्हणून हाताखाली, १९१७ मध्ये फिलाडेल्फियाला त्यांचे अधिवेशन. आपल्यासारख्या मंडळांनी लक्षात ठेवावे असे हे अधिवेशन, कारण तेथे धंद्याबरोबर कृष्णवर्णीयांवरील झुंडीच्या अत्याचारांविरुद्धही आवाज उठला. २५ मे १९१९ रोजी ती वारली. तापवलेल्या फणीचा शोध तिने लावला असे ठिकठिकाणी लिहिलेले असते, ते खरे नाही. तशी फणी आधीपासून होती.

ती तापवलेली फणी विहीणबाईंनी लहानपणी भोगली आहे. ईस्टरच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात, शेगडीवर लोखंडी फणी तापवून आई केस सरळ करी. कान मुडपून धरायचा आणि श्वास रोखायचा. कानामागचा डाग त्यांनी मला दाखवला. पुढे कॉस्टिक सोड्याची मलमे आली. वळणे मोडत, कधी टाळूही भाजे. सरळ केस तो ‘चांगला’, वळलेला तो ‘वाईट’, हे शब्द त्यांच्याच घरात बोलले जात. माझ्या नातीने ते पलंगाखाली स्वतः शोधून काढले नव्हते. १९६८ मध्ये, अठराव्या वर्षी, विहीणबाईंनी केस धुतले आणि तसेच मोकळे फुलू दिले. ती लाट तेव्हा सगळ्या देशभर होती, पण त्यांच्या आईने मात्र कोणी मेल्यासारखा आकांत केला. “आता नोकरी कोण देईल?” आणि पहिल्या कचेरीत खरोखरच नाही म्हणून सांगितले.

ही फार जुनी गोष्ट म्हणावी, तर तसे नाही. १९८१ साली एका विमान कंपनीतील कृष्णवर्णीय बाईने बारीक वेण्या घालू द्याव्यात म्हणून दावा लावला आणि ती हरली. डिसेंबर २०१८ मध्ये न्यू जर्सीतच एका शाळकरी कुस्तीगिराला सांगण्यात आले की केसांच्या बटा काप, नाहीतर सामना सोड. त्या सर्वांदेखत कापण्यात आल्या. कॅलिफोर्नियाने ३ जुलै २०१९ रोजी केसांच्या ठेवणीवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करण्यास बंदी करणारा ‘क्राउन’, म्हणजे मुकुट, या नावाचा कायदा केला. न्यू जर्सीने त्याच वर्षी १९ डिसेंबरला, त्या कुस्तीला बरोबर एक वर्ष होताच, तसाच कायदा केला. नात तेव्हा तीन वर्षांची होती.

पाचव्या-सहाव्या रविवारी कंगवा माझ्या हातात आला. विहीणबाई शेजारी, नात पुढ्यात. एक भाग मी सोडवला, पीळ मी घातला. मला वेळ दुप्पट लागला, हे कबूल करते. रात्री डोक्याला साटीनची टोपी घातली तर उशीवर केस घासत नाहीत आणि पुढच्या रविवारचे निम्मे काम वाचते, हीही युक्ती तेव्हाच कळली. ती आपल्याकडच्या कुरळ्या केसांच्या मुलींनाही उपयोगी पडेल. निघताना मी खोबरेल तेलाच्या दोन बाटल्या विहीणबाईंकडे ठेवल्या आणि त्यांनी मला आपला एक कंगवा दिला. दात मोडलेली फणी नातीने मागून घेतली, बाहुलीसाठी. बाहुलीचे केस सरळ आहेत.

मानेवरच्या, सर्वांत बारीक वळणाच्या केसांना ते लोक ‘किचन’ म्हणतात. तेथला गुंता सर्वांत चिवट, म्हणून तो शेवटी घ्यायचा. परवाच्या रविवारी फोनवर नात दिसली. डोक्याचे तीन भाग झाले होते, कंगवा तिच्या स्वतःच्या हातात होता. “आजी, थांब, फोन ठेवू नकोस,” ती म्हणाली, “किचन अजून राहिले आहे.”