वाघांची हजेरी

हजेरीच्या वेळी एकच पोर दोन नावांना ‘हजर’ म्हणून जाते, हे आम्हां मास्तरांना ठाऊकच असते. वाघांच्या गणतीतही हेच घडत आले आहे.

आमच्या वर्धा जिल्ह्यातले बोरचे जंगल १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. ओरिसाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी पंजाच्या ठशांवरून वाघ ओळखण्याची रीत घालून दिली. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणतीत १८२७ वाघ भरले. पण वाळूतला ठसा निराळा, चिखलातला निराळा. कागदावर एकाचे दोन व्हायला कितीसा वेळ?

राजस्थानातल्या सरिस्क्याच्या कागदांवर वाघ होते. २००५ साली शोध घेतला, तो एकही उरला नव्हता! चोरट्या शिकाऱ्यांनी डाव साधला होता.

२००६ पासून देशभर कॅमेऱ्यांचा आधार घेऊ लागले. पट्टे ही वाघाची सही. पण दोन्ही कुशींचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दुतर्फा कॅमेरे लावतात. टिपलेले वाघ पुन्हा किती वेळा दिसले, यावरून न दिसलेल्यांचा अदमास बांधतात. ओळख चुकून जुना वाघ नवा ठरला, की आकडा फुगलाच!

वाचकहो, हजेरीपट खरा असला, तरच गैरहजर पोराच्या शोधाला कोणी निघते.