आभाळाखालची वारी आणि आजीची कपबशी

मागच्या महिन्यात ऑफिसात चहाच्या वेळी एका मित्राने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतल्या कुठल्याशा जंगलात वीस-पंचवीस माणसं झाडाखाली गोल करून उभी होती. ती त्यांची प्रार्थना. इमारत नाही, बाकडी नाहीत, नावनोंदणी नाही. कुठल्याही जातीचा, वंशाचा, पंथाचा माणूस आला तरी चालतो म्हणे. मित्र म्हणाला, "भारी आहे ना? आपल्याकडे नाही असलं काही."

मला राहवलं नाही. म्हटलं, "आपल्याकडे नाही कसं? आमच्या सातपूरवरून दरवर्षी ज्येष्ठात असलाच एक समुदाय चालत जातो. आणि वीस-पंचवीस नाही, हजारोंनी!"

तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "आणि तिथे कोणीही चालतं?"

मी पटकन 'हो' म्हणालो खरा, पण घास कुठेतरी अडकल्यासारखं झालं. कारण हा मित्र नाशिकरोडचा. त्याचे पणजोबा १९३० साली काळाराम मंदिराच्या बंद दारासमोर बसलेल्यांपैकी एक. त्याच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणं बरोबर नव्हतं. म्हणून गेले दोन शनिवार-रविवार थोडं वाचलं, आईला थोडं विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते हे असं.

आधी आमची वारी. सातपूर म्हटलं की लोकांना एमआयडीसी आठवते. कारखाने, शिफ्टचे भोंगे, कामगारांच्या कॉलन्या. पण त्र्यंबकरोड एमआयडीसीपेक्षा फार जुना आहे. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी संत निवृत्तीनाथांची समाधी आहे. ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरूसुद्धा. ज्येष्ठात तिथून त्यांची पालखी निघते, सातपूरला मुक्काम करते, नाशकातून सिन्नर, अहिल्यानगर, करमाळा असं करत आषाढी एकादशीच्या आधी पंढरपूरला पोचते. साडेचारशे किलोमीटरच्या आसपासची चाल, तीन-चार आठवडे, ऊन-पाऊस जे असेल ते डोक्यावर.

निवृत्तीनाथांची गोष्ट मुळात डोंगरातच सुरू होते. आईवडील आणि भावंडं ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना वाघ आडवा आला, सगळे पांगले, आणि निवृत्ती एका गुहेत शिरला. तिथे त्याला गहिनीनाथ भेटले आणि उपदेश मिळाला, अशी परंपरा सांगते. वाघ खरा होता का, हे विचारत बसण्यात अर्थ नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ही चार भावंडं स्वतःच वाळीत टाकलेली होती. वडील संन्यास घेऊन पुन्हा संसारात आले, म्हणून 'संन्याशाची पोरं' हा शिक्का. मुंज नाही, पंक्तीत जागा नाही, शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत पायपीट. म्हणजे दाराबाहेर ठेवलेल्या मुलांनी जो मार्ग वाढवला, तो बिनदाराचा असणं तसं साहजिकच होतं.

आणि वारी बऱ्याच अंशी आहेच बिनदाराची. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, एकादशीचा उपास, वर्षाची वारी. एवढं पाळलं की झालात वारकरी. मंत्र कानात सांगायला पुरोहित लागत नाही. देऊळ म्हणाल तर रस्ता. माळरानावर रिंगण होतं तेव्हा गाभाऱ्याच्या जागी गोल मोकळं मैदान असतं आणि मधोमध घोडा धावतो. पंढरपुरात पोचल्यावरही कित्येक वारकरी गाभाऱ्यापर्यंत जातच नाहीत. चंद्रभागेत बुडी मारायची, नामदेव पायरीला डोकं टेकवायचं, लांबून कळसाला हात जोडायचे आणि परत फिरायचं. नामदेवांच्या काळापासून कीर्तनाची खरी जागा नदीचं वाळवंट हीच मानली गेली. शिंपी, माळी, कुंभार, सोनार, न्हावी, दासी, महार... सगळ्या संतांची मांदियाळी त्या वाळूत. आमच्या भाषेत सांगायचं तर हे संपूर्ण ओपन सोर्स प्रकरण. :)

इथपर्यंत लिहून मला फार बरं वाटलं होतं. मित्राला लिंक पाठवायची आणि जिंकायचं, असा बेत होता. पण मग चोखोबा आडवे आले.

चोखामेळा मंगळवेढ्याचे. जातीने महार. वाळवंटात ते नामदेवांच्या बरोबरीचे, पण देवळाच्या आत त्यांना मज्जाव. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि त्याखाली ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, आणि समाधी झाली ती कुठे? महाद्वारासमोर. बाहेर. म्हणजे वाळवंटाने ज्याला संत म्हणून मान्य केलं, त्याला देवळाने मेल्यावरही उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. आणि हे तेवढ्या काळापुरतं नव्हतं. पुढची सहाशे वर्षं तो उंबरा तसाच राहिला. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केलं, तेव्हा कुठे दहा दिवसांनी ते दार उघडलं. स्वातंत्र्याला जेमतेम तीन महिने उरले होते.

बरं, असं समजू की दोष देवळाचा, भिंतीचा, पुजाऱ्यांचा. रस्ता तरी निर्मळ होता का? इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या होत्या. त्यांचा 'वाटचाल' हा लेख जरूर वाचा. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायामाणसं बरोबर चालतात, एकच अभंग म्हणतात, आणि जेवायची वेळ झाली की वेगवेगळ्या पंगती. हे त्यांना खटकलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. आभाळ एकच होतं, चुली मात्र दोन.

आता आपल्या नाशकात या. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक सूत्रं दादासाहेब गायकवाडांकडे. हजारो माणसं मिरवणुकीने आली, देवळाचे सगळे दरवाजे बंद करून घेतले गेले, आणि मग दाराशी सत्याग्रहींच्या तुकड्या बसू लागल्या. ही गोष्ट आपण शाळेत एका ओळीत शिकतो. मला माहीत नव्हती ती रथाची. रामनवमीनंतर रामाचा रथ रस्त्यावरून निघतो. रथ काही गाभाऱ्यात नसतो. तो असतो चव्हाट्यावर, उघड्या आभाळाखाली, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या रस्त्यावर. एप्रिल १९३० मध्ये, दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा असं ठरलेलं असतानाही सत्याग्रहींना दोराला हात लावू दिला नाही. रथ पळवला गेला, दगडफेक झाली, डोकी फुटली.

म्हणजे पाहा, माझा सगळा सिद्धांत इथेच कोसळला. मला वाटत होतं की भिंत आली की भेद येतो, आणि भिंत काढली की जातो. पण महाडच्या चवदार तळ्याला कुठे छप्पर होतं? तिथलं पाणी प्यायला १९२७ साली सत्याग्रहच करावा लागला. जाळीचं कुंपण दिसतं तरी. माणसांच्या मनातलं कुंपण मोकळ्या माळावरही बरोबर चालत येतं.

नाशिकचा सत्याग्रह १९३५ पर्यंत रेंगाळत चालला. आंबेडकरांनी मध्येच, १९३४ साली, गायकवाडांना पत्र लिहून स्पष्ट केलं की दलितांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ही चळवळ नव्हतीच, त्यांच्यात जाग यावी म्हणून होती. ऑक्टोबर १९३५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मोकळ्या मैदानावर, लाखो लोकांनी त्यांच्याबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. हेही उघड्या आभाळाखालीच झालं. पण इथे एक फरक होता, आणि तो मोठा होता. इथे कोणी कोणाला 'आत घेत' नव्हतं. परवानगी देणारा आणि मागणारा अशी दोन टोकंच नव्हती. जे इतकी वर्षं दाराबाहेर थांबले होते त्यांनी दाराकडे पाठ फिरवली आणि स्वतःचं मैदान निवडलं.

मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पणजोबांच्या आधी आमच्या घरात माळ होती. काळारामनंतर ती कोणी घातली नाही." बस, एवढंच. तक्रारीच्या सुरात नाही, माहिती म्हणून.

आता माझ्या घराची माहिती. ती न सांगता हा लेख संपवला तर तो खोटा होईल.

माझी आजी पालखीच्या दिवशी पहाटे चारला उठायची. मोठ्या पातेल्यात चहा, परातभर पोहे. रस्त्याच्या कडेला उभी राहून येईल त्या वारकऱ्याच्या हातात कप द्यायची आणि वाकून पाया पडायची. 'माउली, घ्या.' लहान पोर असो, म्हातारा असो, कोण कुठला हे तिने कधी विचारलं नाही. मी ते पाहत मोठा झालो, आणि मित्रापुढे मी 'हो' म्हणालो ते त्याच आठवणीच्या जोरावर.

पण आमच्या मागच्या खिडकीत एक कपबशी असायची. निळ्या काठाची, एका बाजूला टवका उडालेली. वडिलांबरोबर कंपनीत काम करणारे एक काका कधी घरी आले की आजी त्यांना त्या कपातून चहा द्यायची. मला वाटायचं तो त्यांचा आवडता कप आहे! खरं कारण कळलं तेव्हा मी दहावीत होतो, आणि आजी नव्हती. परवा आईला विचारलं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "पालखीत ते काका आले असते तर तुझी आजी त्यांच्याही पाया पडली असती. आणि दुसऱ्या दिवशी घरी आले असते तर तोच कप दिला असता. मला तेव्हाही कळायचं. बोलायचं धाडस नव्हतं."

आजीला मी ढोंगी म्हणू शकत नाही. पाया पडताना तिच्या डोळ्यांत जे पाणी यायचं ते खरं होतं. पण कपबशीही खरी होती. वारीने तिला वर्षातला एक दिवस माणूस कसा पाहायचा हे शिकवलं, उरलेल्या दिवसांचं शिकायचं राहून गेलं. मला वाटतं वारीचीही गोष्ट थोडीफार हीच आहे. वाट तिने दाखवली, फार आधी दाखवली. पण दारं उघडली ती बाहेर बसलेल्यांनी आणि त्यांच्यासाठी उपाशी राहिलेल्यांनी. पंढरपूरच्या देवळात सगळ्या जातींच्या आणि स्त्री पुजाऱ्यांना वाव मिळायला तर २०१४ साल उजाडलं.

म्हणून मित्राच्या प्रश्नाचं माझं सुधारित उत्तर असं. हो, आमच्याकडे आभाळाखालचा समुदाय आहे, सातशे वर्षांचा आहे, मला त्याचा अभिमान आहे. कोणीही चालतं का, हे मात्र चालणाऱ्या माणसाला विचारायचं नाही. ज्याला एकदा थांबवलं होतं, त्याला विचारायचं.

यंदा ज्येष्ठात मित्राला घरी बोलावलंय. तो म्हणाला, "पालखी बघायला येईन, पाया पडायला नाही." म्हटलं, चालेल. चहा मात्र सगळ्यांना एकाच ट्रेमधून.

असो. लेख लांबला. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं लिहीन, नक्की!