परक्या बर्फावरचे पंचक

मराठी वाचकाला हॉकी म्हटले की गवताचे किंवा कृत्रिम हिरवळीचे मैदान आठवते. कॅनडा, रशिया, स्वीडन या थंड देशांत मात्र हा शब्द उच्चारताच बर्फावरचा खेळ डोळ्यांसमोर येतो. उंच कठड्याने वेढलेल्या गोठवलेल्या पटांगणावर, पाती लावलेले बूट म्हणजे स्केट घालून, गोलरक्षक धरून सहा-सहा खेळाडूंचे दोन संघ तो खेळतात आणि चेंडूऐवजी त्यात कडक रबराची चपटी चकती असते, जिला पक म्हणतात. या खेळातील सर्वांत श्रीमंत स्पर्धा म्हणजे कॅनडा आणि अमेरिकेतील संघांची नॅशनल हॉकी लीग. १९८९ साली सोव्हिएत संघराज्याचे आघाडीचे खेळाडू सरकारच्या परवानगीने प्रथमच या लीगमध्ये उतरले. ही घटना बहुधा शीतयुद्धाच्या अखेरीचे एक प्रकरण म्हणून सांगितली जाते. तिचा राजकीय अर्थ नाकारण्याचे कारण नाही, परंतु खेळाच्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा प्रश्न वेगळा आहे: ज्या खेळाडूचे कौशल्य चार सोबत्यांच्या हालचालींशी जन्मभर जोडले गेले होते, त्याला त्या चौघांपासून सोडवून परक्या संघात नेऊन उभे केले, तर त्याच्यातले नेमके काय त्याच्याबरोबर जाते आणि काय मागे राहते?

या प्रश्नाचे मूळ दोन देशांत हा खेळ कसा रुजला यात आहे. कॅनडात तो गोठलेल्या तळ्यांवर आणि पुढे अरुंद बंदिस्त सभागृहांत वाढला. रशियात मात्र १९४६ पर्यंत बर्फावर प्रामुख्याने बँडी खेळली जात असे. हा फुटबॉलच्या मैदानाएवढ्या विस्तीर्ण बर्फावर, अकरा-अकरा खेळाडूंनी, वाकड्या काठीने आणि चेंडूने खेळायचा प्रकार असल्याने तो भारतीय वाचकाला परिचित असलेल्या मैदानी हॉकीच्या अधिक जवळचा होता. ‘कॅनडाची हॉकी’ अधिकृतपणे सुरू झाली तेव्हा तिची बांधणी करणाऱ्यांत अनातोली तारासोव्ह हे प्रशिक्षक अग्रणी होते. कॅनेडियन खेळ जवळून पाहण्याची संधी त्यांना सुरुवातीला फारशी नव्हती आणि हीच उणीव त्यांनी भांडवल बनवली. बँडीतील मोकळ्या जागेचा वापर, बुद्धिबळातील डावपेचांचा विचार आणि बॅलेतील शरीराचा तोल यांतून त्यांनी अशी पद्धत घडवली, की जिच्यात पक ज्याच्याजवळ आहे त्याच्यापेक्षा ज्यांच्याजवळ नाही त्या चौघांच्या धावण्याला अधिक महत्त्व आले. १९५४ मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेत प्रथमच उतरलेल्या सोव्हिएत संघाने कॅनडाच्या संघाला ७-२ असे हरवले आणि १९५६ मध्ये कॉर्तिना येथे ऑलिंपिक सुवर्णपदकही मिळवले. तरीही कॅनडात समजूत अशी होती, की हे विजय हौशी खेळाडूंवरचे आहेत आणि व्यावसायिकांपुढे रशियन टिकणार नाहीत. २ सप्टेंबर १९७२ रोजी माँट्रियलमध्ये सोव्हिएत संघाने व्यावसायिकांच्या निवडक संघाचा ७-३ असा पराभव केला, तेव्हा ती समजूत एका रात्रीत ढासळली. आठ सामन्यांची ती मालिका कॅनडाने मॉस्कोतील शेवटच्या सामन्यात, अवघे ३४ सेकंद उरले असताना झालेल्या गोलवर जेमतेम वाचवली.

दोन्ही पद्धतींतील फरक बारकाईने पाहिला पाहिजे, कारण पुढील सगळ्या अडचणी त्यातूनच उगवल्या. आंतरराष्ट्रीय पटांगण ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असे, तर नॅशनल हॉकी लीगचे पटांगण जवळजवळ तेवढेच लांब पण सुमारे २६ मीटरच रुंद. चार मीटर कमी म्हणजे कडेने वळसा घेण्याची जागा गेली आणि प्रतिस्पर्धी एक पाऊल आधी अंगावर आला. उत्तर अमेरिकेतील संघ तीन आघाडीपटूंची एक फळी आणि दोन बचावपटूंची जोडी स्वतंत्रपणे बदलत. साधारण पाऊण मिनिटाच्या जीवतोड धावपळीनंतर फळी बाहेर जाई आणि दुसरी आत येई. मध्यरेषा ओलांडली, की पक खोल कोपऱ्यात भिरकावायचा आणि मागोमाग धावून कठड्यापाशी अंगाने धडक देऊन तो परत मिळवायचा, हा तेथील सर्वमान्य डाव होता. सोव्हिएत विचारानुसार हातात असलेला पक असा फेकून देणे म्हणजे दाणे उधळून पुन्हा वेचत बसणे. वाट दिसली नाही तर सोव्हिएत खेळाडू पक मागे देत, वर्तुळाकार फिरून पुन्हा जमत आणि नवी फट शोधत. शिवाय तेथे पाचही जण एकत्रच आत येत आणि एकत्रच बाहेर जात. मारामारीबाबतही नियम निराळे होते. आंतरराष्ट्रीय सामन्यात मुष्टियुद्ध करणारा खेळाडू सामन्यातून बाद होई, तर नॅशनल हॉकी लीगमध्ये पाच मिनिटे दंडकक्षात बसून तो परत येई आणि प्रेक्षक त्याला खेळाचाच भाग मानत.

१९८० च्या दशकात या सोव्हिएत पद्धतीचे सर्वांत पूर्ण रूप ज्या पंचकात दिसले, त्यात व्लादिमिर क्रुतोव्ह, इगोर लारिओनोव्ह आणि सर्गेई माकारोव्ह हे आघाडीपटू आणि व्याचेस्लाव्ह फेतिसोव्ह व अलेक्सेई कासातोनोव्ह हे बचावपटू होते. हे पाचही जण लष्कराच्या मॉस्कोतील क्लबचे, म्हणजे सीएसकेएचे, खेळाडू आणि त्यामुळे कागदोपत्री सैन्यातील अधिकारी होते. देशभरातील उत्तम तरुण खेळाडूंना सक्तीच्या लष्करी सेवेच्या निमित्ताने आपल्याकडे ओढता येत असल्यामुळे या क्लबने १९७७ ते १९८९ अशी सलग १३ वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. १९७७ पासून प्रशिक्षक असलेल्या व्हिक्टर तिखोनोव्ह यांच्या राजवटीत खेळाडू वर्षातील बहुतेक महिने मॉस्कोजवळच्या अर्खांगेल्स्कोये येथील सराव छावणीत, घरापासून दूर राहत. झोपणे, उठणे, जेवणे, सराव हे सर्व दुसऱ्याने ठरवलेले असे. याच बंदिस्त जीवनातून त्या पाचजणांची मान वळवण्याचीही गरज न उरलेली परस्पर जाण घडली, हे मान्य करावेच लागते. पण ती जाण माणसांकडून काय घेऊन घडली, हेही विसरता येत नाही. लारिओनोव्ह यांनी १९८८ मध्ये ‘ओगोन्योक’ या साप्ताहिकात खुले पत्र लिहून तिखोनोव्ह यांच्या हुकूमशाहीवर उघड टीका केली. त्या काळात सैन्यातल्या अधिकाऱ्याने असे पत्र छापून आणणे हे खेळातील कोणत्याही पराक्रमाहून कमी धैर्याचे नव्हते.

परदेशी जाण्याचे दार अनेक हातांनी उघडले. मार्च १९८९ च्या अखेरीस सर्गेई प्र्याखिन हे कॅल्गरी फ्लेम्स संघाकडून खेळले आणि सरकारी परवानगीने नॅशनल हॉकी लीगमध्ये उतरणारे पहिले सोव्हिएत खेळाडू ठरले. मे महिन्यात स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेनंतर तरुण अलेक्झांडर मोगिल्नी परवानगीविना बफेलोला निघून गेले. फेतिसोव्ह यांचा लढा याहून निराळा होता: पळून न जाता, सैन्यातून रीतसर मुक्त होऊन, आणि पगाराचा मोठा वाटा खेळाडूंचे परदेशी करार करणाऱ्या सोव्हइंटरस्पोर्ट या सरकारी संस्थेला न देता जाण्याचा हक्क त्यांना हवा होता. त्यासाठी त्यांना संघातून दूर ठेवण्यात आले, तेव्हा सोबत्यांनी त्यांच्याशिवाय जागतिक स्पर्धेत खेळणार नाही असे जाहीर केले आणि ते परत आले. त्या उन्हाळ्यानंतर पंचक फुटले. फेतिसोव्ह न्यू जर्सीला, माकारोव्ह कॅल्गरीला, क्रुतोव्ह आणि लारिओनोव्ह व्हँकुव्हरला गेले आणि त्याच मोसमात कासातोनोव्हही न्यू जर्सीत दाखल झाले.

पाचांपैकी माकारोव्ह यांचे पाऊल सर्वांत लवकर स्थिरावले. कॅल्गरीचा संघ नुकताच लीगचा सर्वोच्च मान असलेला स्टॅन्ले करंडक जिंकलेला, भरपूर कौशल्याचा संघ होता आणि माकारोव्ह यांचे बलस्थान, म्हणजे पक पायाजवळ बाळगून गर्दीतून वळणे, अरुंद बर्फावरही तेवढेच उपयोगी पडणारे होते. १९८९-९० मध्ये त्यांनी २४ गोल केले आणि ६२ गोलांना साहाय्य केले, आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर पुरस्कार ३१ व्या वर्षी मिळवला. दशकभर जगातील श्रेष्ठ खेळाडूंत गणल्या गेलेल्या माणसाला नवोदित ठरवणे अनेकांना पटले नाही. लीगने लगेच नियम बदलून या पुरस्कारासाठी २६ वर्षांची वयोमर्यादा घातली, जी आजही माकारोव्ह यांच्या नावाने ओळखली जाते.

क्रुतोव्ह यांची कथा याच्या अगदी उलट आहे आणि तिचा विचार अधिक सहानुभूतीने व्हायला हवा. बैलासारखी ताकद आणि अचूक नेम यांसाठी युरोपभर धास्ती असलेला हा आघाडीपटू व्हँकुव्हरमध्ये ६१ सामन्यांत केवळ ११ गोल करू शकला, त्याचे वजन वाढले आणि एकाच मोसमानंतर त्याचा तेथील प्रवास संपला. वृत्तपत्रांनी त्याच्या खाण्यावर लिहिले. पण आयुष्याची तिशी येईपर्यंत ज्याने काय खावे, किती धावावे आणि कधी झोपावे हे छावणीने ठरवले, त्याच्या हाती भाषा न समजणाऱ्या शहरात एकाएकी स्वतःचा सारा दिवस सोपवला गेला होता, हे त्या लिखाणात क्वचितच येते. सोव्हिएत स्पर्धेतील मोसम चाळीस-पंचेचाळीस सामन्यांच्या आसपास असे, तर येथे ८० सामने, त्यांच्यामधले लांबलचक विमानप्रवास आणि सरावाखेरीज तंदुरुस्ती राखण्याची जबाबदारी ज्याची त्याने घ्यायची, अशी रीत होती. याहून खोल कारण खेळातच दडलेले होते. क्रुतोव्ह यांचे सामर्थ्य हालचालीच्या शेवटच्या क्षणी प्रकट होत असे. त्याआधीचे चार पास देणारे हात नसतील तर त्या सामर्थ्याला वाटच मिळत नसे. लारिओनोव्ह शेजारी होते खरे, पण पंचकातले दोघे म्हणजे पंचकाचा दोन-पंचमांश भाग नव्हे.

लारिओनोव्ह स्वतः हळूहळू सावरले. इंग्रजी त्यांनी लवकर आत्मसात केली होती, अंगकाठी बारीक असल्यामुळे धडकेपेक्षा अंदाजावर भिस्त ठेवण्याची त्यांना आधीपासून सवय होती आणि १९९१ मध्ये पावेल बुरे हा अतिवेगवान तरुण व्हँकुव्हरला आला तेव्हा त्याला खेळात आणि परक्या संसारात रुळवण्याचे काम त्यांनीच केले. १९९२ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे खेळायला गेले. त्यांच्या खेळाचे पैसे सोव्हइंटरस्पोर्टला मिळत राहावेत हे त्यांना मान्य नव्हते. न्यू जर्सीत दरम्यान एक वेगळेच दुःख चालू होते. १९८९ च्या संघर्षात कासातोनोव्ह तिखोनोव्ह यांच्या बाजूला राहिले, असे मानून फेतिसोव्ह यांनी त्यांच्याशी बोलणे सोडले होते. बर्फावर दोघे एकाच संघाचा बचाव सांभाळत आणि बर्फाबाहेर एकमेकांना टाळत.

या खेळाडूंनी परक्या लीगशी जुळवून घेतले, असे विधान नेहमी केले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण लीगलाही त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागले. याचा पुरावा डेट्रॉइट रेड विंग्ज संघाच्या इतिहासात सापडतो. सर्गेई फेदोरोव्ह, व्लादिमिर कॉन्स्तांतिनोव्ह आणि व्याचेस्लाव्ह कोझलोव्ह हे तिघे सीएसकेएचे तरुण खेळाडू तेथे आधीच होते. एप्रिल १९९५ मध्ये सदतीसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या फेतिसोव्ह यांना आणि ऑक्टोबरमध्ये लारिओनोव्ह यांना प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी आपल्याकडे घेतले, आणि २७ ऑक्टोबर १९९५ रोजी कॅल्गरीत या पाचही जणांना एकत्र बर्फावर उतरवले. अनेक अजिंक्यपदे पाहिलेल्या कॅनेडियन प्रशिक्षकाने एका जागी संपूर्ण रशियन पंचक ठेवावे, आणि त्याला पक मागे देण्याची, वर्तुळात फिरण्याची, वाट दिसेपर्यंत थांबण्याची मुभा द्यावी, ही या लीगच्या इतिहासातील फार मोठी घटना होती. तो सामना डेट्रॉइटने ३-० असा जिंकला, त्या मोसमात ६२ विजयांचा तोवरचा उच्चांक केला आणि ७ जून १९९७ रोजी, १९५५ नंतर प्रथमच, स्टॅन्ले करंडक जिंकला. करंडक स्वीकारल्यावर कर्णधार स्टीव्ह आयझरमन यांनी तो सर्वांत आधी फेतिसोव्ह यांच्या हाती दिला आणि फेतिसोव्ह यांनी लारिओनोव्ह यांना सोबत बोलावून दोघांनी मिळून तो बर्फावरून फिरवला.

सहाच दिवसांनी, विजयोत्सवाहून परतताना, फेतिसोव्ह, कॉन्स्तांतिनोव्ह आणि संघाचे मालिशतज्ज्ञ सर्गेई म्नात्साकानोव्ह बसलेली मोटार झाडावर आदळली. फेतिसोव्ह किरकोळ जखमांवर बचावले. कॉन्स्तांतिनोव्ह यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली आणि ते पुन्हा कधी खेळू शकले नाहीत. ऑगस्टमध्ये फेतिसोव्ह, लारिओनोव्ह आणि कोझलोव्ह यांनी करंडक मॉस्कोला नेऊन लाल चौकात उभा केला, आणि त्या वेळच्या छायाचित्रांत पाचांपैकी हे तिघेच दिसतात.