चार दिवसांचे सरपण

महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींच्या 1958 च्या कायद्यातले कलम 53 गावातल्या रस्त्यांवरच्या अडथळ्यांविषयी आहे. सार्वजनिक रस्त्यावर कोणी भिंत, कुंपण, कठडा, खांब, टपरी, ओसरी, ओटा, जोते किंवा पायरी घालू नये; पेट्या, गठ्ठे, माल आणून टाकू नये; वरच्या मजल्याचा सज्जा परवानगीशिवाय रस्त्यावर काढू नये; काढलाच तर दंड होईल आणि पंचायत तो हटवील. इथवरचा मजकूर जगातल्या कोणत्याही गावाच्या नियमांत शोभेल. पण त्याच कलमात पुढे एक सवलत येते. सण-समारंभाच्या निमित्ताने रस्त्याचा काही भाग तात्पुरता वापरायला किंवा त्यावर काही उभारायला पंचायत मुभा देऊ शकते, आणि बोळांत व मोकळ्या जागी जास्तीत जास्त चार दिवस सरपण रचून ठेवायलाही. शिवाय अट अशी की लोकांची किंवा कोणा एकाची गैरसोय होता कामा नये. सण, समारंभ आणि सरपण एकाच वाक्यात आणि दिवसांचा आकडा चक्क चार! हे वाक्य कुठून आले, याचा माग मला लागला तो फार अनपेक्षित ठिकाणी.

मनाईची यादी कुठली, हा वादाचा मुद्दा नाही. ती विलायतेची. तिथल्या पार्लमेंटने 1847 मध्ये नगरांच्या सुधारणेविषयी आणि नगरांतल्या पोलीस-व्यवस्थेविषयी नमुन्याची कलमे एकत्र करून दिली. ओटे, पायऱ्या, पाट्या, खिडक्यांच्या झडपा, कुंपणे यांची जंत्री तिथे आहे. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या कायद्यातली 312 आणि 313 ही कलमे याच वळणाची आहेत. भिंत, खांब, पायरी यांच्या जोडीला खुर्ची, बाक, खोके, शिडी, गठ्ठा. शिवाय रस्त्यापासून 12 फुटांपेक्षा कमी उंचीवर फळी पुढे काढायची नाही. जिल्ह्यांच्या गावांसाठी 1901 मध्ये मुंबई इलाख्याचा नगरपालिका कायदा झाला आणि सरपणाचे वाक्य त्यातून पुढे आले. म्हणूनच ते 1958 च्या आपल्या ग्रामपंचायत कायद्यात जसे आहे तसेच 1963 च्या गुजरातच्या नगरपालिका कायद्यातही आहे. दोन राज्ये वेगळी झाली, पण सरपणाचे चार दिवस दोघांनीही ठेवले.

यावरून सरसकट असा निष्कर्ष काढतात की रस्त्यावरच्या अडथळ्यांचा आपला सगळा कायदा उसनवारीचा आहे. मनाईपुरते ते खरे आहे. सवलतीबाबत मात्र मला ते साफ नामंजूर आहे आणि त्याचा पुरावा त्या विलायती कायद्यातच आहे. 1847 च्या पोलीस-कलमांत मिरवणुका, सार्वजनिक आनंदोत्सव आणि रोषणाई यांचा उल्लेख आहे, पण कशासाठी? अशा प्रसंगी गर्दी होते, म्हणून गाड्यांचे मार्ग ठरवून देण्याचा आणि रस्त्यातले अडथळे रोखण्याचा जादा अधिकार देण्यासाठी. तिथे सण आला की नियम आवळायचा. इथे सण आला की नियम सैल करायचा. उसने घेतलेले वाक्य असे उलटे होऊन येत नाही. ज्याने ते लिहिले त्याच्या डोळ्यांसमोर दुसरेच गाव होते.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो वजनदार आहे. विलायती कायद्यालाही घरगुती सवलती ठाऊक होत्या. त्याच पोलीस-कलमांत रस्त्यावर गालिचे आणि चटया झटकायला बंदी आहे, पण दारातले पायपुसणे सकाळी आठच्या आत झटकले तर चालते. मग चार दिवसांचे सरपण हा त्याचाच देशी अवतार का म्हणू नये? म्हणता येणार नाही, कारण दोन्हींची जात वेगळी आहे. पायपुसण्याची सवलत घड्याळाची आहे. ती रोजची आहे आणि तिला प्रसंग लागत नाही. सरपणाची सवलत दिवसांची आहे आणि ती समारंभाला खेटून बसली आहे. शिवाय आपल्या चार दिवसांमागे एक पक्का व्यवहार आहे. सरपण वखारीतून गाडीभर यायचे. बाभळीचे ओंडके आडवेतिडवे, काही अजून ओले. गाडी घराच्या मागच्या अंगाला शिरत नसे, म्हणून ती बोळाच्या तोंडाशी रिकामी व्हायची. मग कुऱ्हाडवाला लावून ओंडके फोडायचे, ढलप्या उन्हात टाकायच्या, आणि वाळल्या की माळ्यावर किंवा पडवीत रचायच्या. पावसाळ्याआधीची बेगमी असो की घरातले लग्न, हे काम एका दिवसात उरकत नाही आणि त्याला आठवडाही लागत नाही. चार हा आकडा बोळातल्या कामाचा हिशेब ठाऊक असलेल्या माणसाचा आहे.

सवलतीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल, म्हणजे सणांबद्दल, एक गैरसमज पक्का बसला आहे. मुंबईत गणपतीच्या मंडपाला परवानगी मिळते ती 1888 च्या कायद्याच्या कलम 317 खाली, त्यामुळे हे कलम गणेशोत्सवासाठीच झाले असे सहज वाटते. पण सार्वजनिक गणेशोत्सव लोकमान्यांनी वाढवला तो 1893 पासून. पुण्यात भाऊ रंगारींच्या 1892 च्या गणपतीला पहिला मान दिला तरी कलम त्याच्या चार वर्षे आधीचे आहे. तेव्हा रस्त्यावर मांडव कोणाचे होते? एक उत्तर लग्नांचे, दुसरे मोहरमच्या ताबुतांचे. माझा कौल मुंबईपुरता मोहरमला आहे. कलम 317 मध्ये पालिका आयुक्तांनी पोलीस आयुक्तांच्या संमतीने परवानगी द्यावी असे म्हटले आहे. लग्नाच्या मांडवाला पोलीस आयुक्त कशाला हवा? 1874 च्या फेब्रुवारीत मुंबईत पारशी-मुसलमान दंगल झाली होती आणि त्यानंतर मोहरमच्या दिवसांत शहरावर पोलिसांची करडी नजर असे. ही अट त्या भीतीतून आली असावी, असा माझा तर्क आहे. उलट जिल्ह्यांसाठीच्या वाक्यात पोलिसांचे नाव नाही. तिथे समारंभाला लागून सरपण येते. तिथे डोळ्यांसमोर घरचे कार्य आहे: दारातला मांडव, चुलाणे, पंगत आणि पंगतीला लागणारे जळण.

आता त्या अनपेक्षित ठिकाणाकडे वळतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्ता अडवणाऱ्याला दंड आहे हे अनेकांना माहीत असते. माणसांची आणि लहान जनावरांची वाट अडवली तर 12 पण, मोठ्या जनावरांची अडवली तर 24, आणि मोठ्या रस्त्यांसाठी 1000 पर्यंत. गल्लीत केर टाकला तर पणाचा आठवा हिस्सा. नारदस्मृतीतही उकिरडा, ओटा, खड्डा, पन्हळ यांनी चव्हाटे, देवस्थाने आणि वाटा अडवू नयेत असे सांगितले आहे. हे सारे मनाईचे, म्हणून माझ्या प्रश्नाला त्याचा फारसा उपयोग नाही. उपयोग आहे तो अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणातल्या आठव्या अध्यायाचा. घरबांधणीच्या या नियमांत कौटिल्य सांगतो की उकिरडा, पाण्याची वाट किंवा विहीर घराच्या योग्य जागेखेरीज इतरत्र करू नये. अपवाद फक्त बाळंतिणीच्या सोयीसाठी, आणि तोही दहा दिवस उलटेपर्यंत. लगेच पुढे तो म्हणतो की हाच नियम जळण फोडण्याला आणि मंगलकार्यांतल्या सांडपाण्याच्या वाटांना लावावा.

जळण, मंगलकार्य आणि मोजलेले दिवस. मुंबई इलाख्याच्या वाक्यातही हेच तीन घटक आहेत. इथे पहिली शंका येते ती उसनवारीची: कायदा लिहिणाऱ्याने कौटिल्य वाचला असेल का? ते अशक्य होते. अर्थशास्त्राचे हस्तलिखित म्हैसूरच्या ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती 1905 मध्ये आले आणि ग्रंथ 1909 मध्ये छापला गेला. 1888 आणि 1901 चे कायदे त्याआधीच पुस्तकात बसले होते. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी केलेली चिकित्सक आवृत्ती तर 1960 पासूनची.

दुसरी शंका अधिक जड आहे. कौटिल्याचा तो अध्याय शेजाऱ्यांच्या हद्दीविषयी आहे, सार्वजनिक रस्त्याविषयी नाही, आणि दहा दिवसांचा आकडा थेट बाळंतिणीला लागू आहे, जळणाला नाही. हे दोन्ही मान्य करूनही माझा दावा टिकतो. दाट वस्तीत शेजाऱ्याची हद्द आणि बोळ यांत हातभराचे अंतर असते. जे शेजाऱ्याने दहा दिवस सोसायचे तेच वाटसरूने चार दिवस सोसायचे. आणि जळणाला तोच नियम लावावा असे सांगताना कौटिल्य मुदतीचे तत्त्वही लावतो. सवलतीचा साचा दोन्हीकडे एकच आहे: घराच्या अडचणीला जागा द्यायची, पण दिवस मोजून द्यायची. योगायोग म्हणून एक घटक जुळेल, फार तर दोन. तिन्ही जुळतात तेव्हा मी योगायोग मानत नाही. कौटिल्याने आणि मुंबई इलाख्याच्या कारकुनाने एकमेकांना वाचले नव्हते. दोघांनी एकच गोष्ट पाहिली होती. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या, दारात मांडव घालणाऱ्या, अरुंद बोळात राहणाऱ्या वस्त्यांनी ही मुभा स्वतःच ठरवून घेतली होती, आणि राज्य कोणाचेही असो, त्या ती पाळत होत्या. दोन हजार वर्षांत ग्रंथ हरवला, रीत हरवली नाही. इंग्रज अमलात जिल्ह्यांच्या कचेऱ्यांतून कायद्याचे मसुदे पाहणारे मामलेदार आणि वकील याच बोळांतून आलेले असावेत. विलायती यादी त्यांनी जशीच्या तशी घेतली आणि तिच्या शेवटी आपली रीत जोडली असावी.

म्हणून या वाक्याची दुसरी अट, गैरसोय न होण्याची, मला मुदतीच्या पहिल्या अटीइतकीच जुनी आणि देशी वाटते. गैरसोय झाली की मुभा संपली. मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये मंडपांच्या प्रकरणात नेमके हेच सांगितले: रस्त्यावर मंडप घालून उत्सव करणे हा हक्क नाही, आणि वाहतुकीला किंवा पायी चालणाऱ्यांना अडथळा होत असेल तर परवानगी देता येत नाही. त्यावर परंपरेवर घाला आला अशी ओरड झाली. ती ओरड चुकीची होती. परंपरेत मुभा आणि अट एकत्रच होत्या. न्यायालयाने अर्धे विसरलेले वाक्य पूर्ण वाचले, इतकेच.

आज गल्लीत सरपण रचायला सहसा कोणी परवानगी मागत नाही, गॅस बहुतेक घरांत पोहोचला आहे. तरी कायद्यात सरपणाला चार दिवसांची मुदत आहे आणि मंडपाला आकड्यातली मुदत अजूनही नाही. मंडप उभारायला आणि उतरवायला किती दिवस, हे प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि पालिकेने ठरावात आकड्याने लिहावे. तुमच्या गावात तसा ठराव नसेल, तर येत्या ग्रामसभेत तो मागा.