मेक ते ग्रंट : विसरलेल्या पायरीची गोष्ट

खर्डी मागे पडली की कसारा. तिथे लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं लागतात, १:३७ चा घाट चढायला. 'आज जोडायचं राहिलं' हे चालत नाही.

वेबसाइटचंही असंच. सॅसचं सीएसएस करा, जावास्क्रिप्ट एकत्र करून आटोपशीर करा, मगच सर्व्हरवर चढवा. एक पायरी विसरली की लोकांना जुनंच पान दिसतं!

हे दुखणं वेबच्या आधीचं. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सनची अख्खी सकाळ एका चुकीमागे गेली. चूक दुरुस्त झाली होती हो, फक्त फाइल पुन्हा कंपाइल केली नव्हती. मग सहकारी स्टुअर्ट फेल्डमनने 'मेक' लिहिलं : कुठली फाइल कशावर अवलंबून ते एकदा लिहून ठेवा, वेळ बघून बदललेलं तेवढंच ते पुन्हा बनवतं. (आज्ञेआधी टॅबच हवा, हा जाच त्याचाच. डझनभर लोक वापरत होते, त्यांना त्रास नको म्हणून तो राहिला म्हणे.)

२०१२ चं ग्रंट, २०१३ चं गल्प, माझ्या मते तेच काम नव्या कपड्यांत. नवीन होतं ते एनपीएमवरून येणारं परक्यांचं सामान. मार्च २०१६ मध्ये एकाने 'लेफ्ट-पॅड' हे ११ ओळींचं पॅकेज काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड कोसळले. मेकच्या यादीत निदान आपल्याच फायली असायच्या.

२०१७ च्या एनपीएम ५ पासून पॅकेज-लॉक फाइल आपोआप बनते. ती गिटमध्ये टाकाच. आवृत्ती पक्की होते, पण पॅकेजच गायब झालं तर तिचाही इलाज नाही. म्हणून एनपीएमने पॅकेज काढून घ्यायचे नियमच कडक केले.