छाट विडी आणि नाकारलेले काम

सेवेच्या आरंभीच्या वर्षांत माझी नेमणूक बुंदेलखंडातील एका जिल्ह्यात झाली होती. गावोगावी ओसरीवर मांडीत सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका हे तेथील नित्याचे दृश्य होते. सट्टेदार तेंदूची पाने, जर्दा आणि सूत देई. वळलेल्या विड्या त्याच्याकडे पोचवायच्या आणि हजारामागे ठरलेली मजुरी घ्यायची, असा व्यवहार. मात्र मोजणीपूर्वी सट्टेदार विड्या पारखून घेई. सैल, आखूड किंवा फाटकी वाटलेली विडी ‘छाट’ म्हणून बाजूला पडे. तिची मजुरी मिळत नसे आणि ती विडीही वळणारणीला परत मिळत नसे.

एकदा एक बाई तक्रार घेऊन आली. तिच्या रोजच्या हजार विड्यांतून शंभर-सव्वाशे छाट म्हणून काढल्या जात होत्या. मी सट्टेदाराची वही मागविली. वहीत छाटाची नोंदच नव्हती. फक्त स्वीकारलेल्या विड्या लिहिलेल्या होत्या. ‘तक्रारीस पुष्टी मिळत नाही’ असा शेरा लिहून मी प्रकरण निकाली काढले. पुरावा म्हणून मी जी वही पाहिली ती प्रतिपक्षानेच लिहिलेली होती, ही गोष्ट त्या वेळी माझ्या मनात आली नाही. आज मागे वळून पाहताना त्या शेऱ्याची मला लाज वाटते.

हे प्रकरण आठवण्याचे कारण थोडे अनपेक्षित आहे. गेली काही वर्षे मी संगणकाच्या साहाय्याने समाजाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांचे लेखन वाचतो आहे. इंटरनेटवरील श्रमाचा बाजार हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय. ते वाचताना ओसरीवरची ती बाई पुन्हा समोर उभी राहिली.

प्रथम विड्यांचा कायदेशीर इतिहास थोडक्यात सांगतो. घरी बसून, आपल्या सवडीने, नगावर मजुरी घेऊन काम करणारा माणूस ‘कामगार’ आहे की नाही, या प्रश्नाने आपल्या न्यायालयांना बराच काळ गुंतवून ठेवले होते. 1958 साली ‘चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या सागर येथील विडी कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदार हा स्वतंत्र ठेकेदार ठरविला. त्यामुळे त्याची माणसे कारखान्याच्या कायद्याखालील कामगार ठरली नाहीत. पुढे नागपूरहून वर गेलेल्या ‘बिरधीचंद शर्मा’ खटल्यात, 1961 साली प्रसिद्ध झालेल्या निकालपत्रात, न्यायालयाने एक मर्मग्राही विचार मांडला. कामगार केव्हा येतो, केव्हा जातो यावर मालकाचे नियंत्रण नसले तरी दिवसाअखेर प्रमाणात न बसणाऱ्या विड्या नाकारण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. विडीसारख्या साध्या कामात एवढी देखरेख मालक-कामगार संबंध सिद्ध करण्यास पुरेशी आहे, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी महाराष्ट्रातील ‘शंकर बालाजी वाजे’ खटल्यात मात्र निकाल उलट लागला. 1964 साली मद्रासकडील ‘दिवाण मोहिदीन साहिब’ खटल्यात न्यायालयाने मधले ठेकेदार हे नावापुरते असून घरी वळणारे लोक कारखानदाराचेच कामगार होत, असे मानले.

या उलटसुलट निकालांनंतर 1966 साली संसदेने विडी व सिगार कामगारांचा कायदा केला. कच्चा माल घरी नेऊन काम करणाऱ्या व्यक्तीला त्याने स्पष्ट शब्दांत कामगाराच्या व्याख्येत घेतले. पुढे राज्यांच्या नियमांनी छाट विड्यांच्या प्रमाणावर शेकडेवारीची मर्यादा घातली. सर्वसाधारणपणे ती शेकडा पाचच्या आत होती. मालकवर्गाने या साऱ्याला आव्हान दिले. 1974 साली ‘मंगलोर गणेश बीडी वर्क्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. माझ्या टेबलावर ती बाई आली तेव्हा कायदा तिच्या बाजूचा होता. मी मात्र वहीच्या बाजूचा निघालो.

आता इंटरनेटकडे वळू. 2005 च्या नोव्हेंबरात अ‍ॅमेझॉन कंपनीने ‘मेकॅनिकल टर्क’ नावाचा बाजार सुरू केला. चित्रात काय आहे ते सांगणे, ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढणे, यादीतील दुबार नोंदी ओळखणे, अशी यंत्राला न जमणारी बारीकसारीक कामे जगभरच्या लोकांकडून घरबसल्या करून घ्यायची आणि प्रत्येक नगाला काही सेंट द्यायचे, अशी ही व्यवस्था. तिचे नाव 1770 साली व्हिएन्ना दरबारात दाखविलेल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या बाहुल्यावरून घेतले होते. त्या यंत्राच्या पेटीत प्रत्यक्षात एक माणूस लपलेला असे.

पेटीतल्या या माणसांत आपले देशबांधव पुष्कळ होते. पानोस इपेरोटिस यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या बाजारातील शेकडा 34 कामकरी भारतातील आढळले. पुढे ऑक्सफर्डच्या ओट्टो कॅस्सी व विली लेहडोनविर्ता यांनी ऑनलाइन कामाच्या बाजाराचा निर्देशांक तयार केला. 2017 च्या सुमारास त्यांनी पाहिलेल्या इंग्रजी बाजारांत सुमारे एक चतुर्थांश कामकरी भारतातील होते. इतकी मोठी संख्या असूनही आपल्या श्रम खात्याच्या कोणत्याही कोष्टकात त्यांना घर नव्हते.

या बाजारात काम देणारा मनुष्य केलेले काम नाकारू शकत असे. नाकारल्यास मजुरी नाही, पण केलेले काम त्याच्याजवळच राही. शिवाय कामकऱ्याच्या नावापुढे मान्यतेची टक्केवारी असे आणि पुष्कळ कामांना 95 टक्क्यांची अट असे. म्हणजे एका नकाराने आजची मजुरी जाई आणि उद्याच्या कामाचे दारही अरुंद होई. छाट विडीचाच हा प्रकार. फक्त सट्टेदाराचा चेहरा दिसत नाही आणि त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही.

या ठिकाणी संशोधकांनी जे केले ते आम्हा प्रशासकांना शिकण्यासारखे आहे. लिली इराणी व सिक्स सिल्बरमन यांनी ‘टर्कॉप्टिकॉन’ नावाचे साधन बनविले. त्यायोगे कामकरी मालकांना गुण देऊ लागले आणि कोण विनाकारण काम नाकारतो हे एकमेकांना कळू लागले. मेरी ग्रे व सिद्धार्थ सुरी यांनी भारत व अमेरिका येथील कामकऱ्यांमध्ये फिरून, तसेच दहा हजारांहून अधिक कामकऱ्यांना त्यांचे परस्परसंबंध विचारून, एकटे समजले जाणारे यांतले पुष्कळ लोक एकमेकांना धरून असतात हे दाखविले. त्यांचे पुस्तक 2019 साली निघाले. कोटारो हारा व सहकाऱ्यांनी तर कामकऱ्याच्याच संगणकात नोंद ठेवणारे एक छोटे साधन बसविले. 2676 कामकऱ्यांच्या 38 लाख कामांचा तो हिशेब 2018 साली प्रसिद्ध झाला. काम शोधण्यात, अर्धवट सोडण्यात आणि नकारात गेलेला वेळ धरता मध्यम कमाई ताशी सुमारे दोन डॉलर भरली. अमेरिकेच्या किमान वेतनाहून, म्हणजे सव्वासात डॉलरहून, अधिक मिळविणारे शेकडा चारच निघाले.

या अभ्यासाचे खरे मोल मला त्याच्या पद्धतीत दिसते. त्यांनी मालकाची वही मागविली नाही. कामकऱ्याच्या हाती दुसरी वही दिली. मी त्या दिवशी जे करायला हवे होते, ते हेच.

आपल्या कायद्याची आजची स्थिती काय? 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आली. तीत गिग व प्लॅटफॉर्म कामगारांची नोंद प्रथमच केंद्रीय कायद्यात झाली. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत, अंशदान द्यावयाचे आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु त्याच संहितेने प्लॅटफॉर्मच्या कामाची व्याख्या करताना ते पारंपरिक मालक-कामगार संबंधाबाहेरचे काम ठरविले. विडी कामगारांसाठी जो प्रश्न 1958 ते 1974 पर्यंत झगडून सोडवावा लागला, तो येथे व्याख्येतच एका बाजूने सोडवून टाकलेला आहे. नकाराच्या मर्यादेविषयी संहिता काही बोलत नाही. आणि त्याच दिवसापासून 1966 चा जुना विडी कायदाही दुसऱ्या एका संहितेत विलीन झाला आहे.

सुधारणा अवघड नाही. नकाराचे कारण लेखी कळावे, नकारांच्या प्रमाणाला मर्यादा असावी, नाकारलेले काम वापरल्यास त्याचे पैसे द्यावेत, आणि नोंदीची एक प्रत कामकऱ्यापाशी राहावी. यांत नवे तत्त्व काहीच नाही. विडीच्या व्यवसायातील अनुभवावरून सुचणाऱ्याच या गोष्टी आहेत. मालक परदेशी असला तर अंमलबजावणी कठीण जाईल, हे खरे. पण ओसऱ्याओसऱ्यांवर विखुरलेल्या विडी कामगारांबाबतही हाच आक्षेप घेतला जात असे.

आता तरुण अधिकाऱ्यांशी बोलण्याचा प्रसंग आला की मी त्यांना हे प्रकरण माझ्या शेऱ्यासकट सांगतो. तक्रार आली आणि नोंद सापडली नाही, तर नोंद कोणी ठेवली होती हे आधी विचारा, एवढेच त्यांना माझे सांगणे असते. त्या बाईचे नाव आज मला आठवत नाही. माझ्या त्या शेऱ्यात ते नव्हतेच. ‘अर्जदार’ एवढाच उल्लेख मी केला होता.