रहाटाचा आजार

"टीचर, पानी पीने कू जाऊं?" आठवीच्या वर्गातील एका मुलीचा हा सवाल दिवसातून सात-आठ वेळा यायचा. पाणी पिऊन आली की थोड्याच वेळाने पुन्हा हात वर, आता बाहेर जायचे असायचे. अभ्यासाचा कंटाळा असेल असे समजून मी एकदा तिला साऱ्या वर्गासमोर रागावले. बी.एड.ला मी बालमानसशास्त्र शिकले होते; पण या मुलीची कमीज महिन्याभरात अंगावर सैल का झाली, हे माझ्या ध्यानात आले नाही.

पुढे निदान झाले. मधुमेह, तोही टाईप १. इन्सुलिन सुरू झाले आणि मुलीच्या चेहऱ्यावर पुन्हा रौनक आली. तीन-चार महिने बरे गेले. मग कोणा नातेवाईकाने बाजारात पुड्या विकणाऱ्या एका माणसाला घरी आणले. तो म्हणाला, "सुई एकदा लागली की जन्मभर सुटत नाही. चाळीस दिवस ही पुडी घ्या आणि सुई आजच बंद करा." घरच्यांनी सुई बंद केली. तिसऱ्या दिवशी मुलीला उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालू लागला, शुद्ध हरपत गेली. सरकारी दवाखान्यात ती कशीबशी वाचली.

मी भेटायला गेले तेव्हा तिची दादी रडत म्हणाली, "टीचर, आम्ही तर आपल्या बुजुर्गांच्या इलाजावर भरवसा ठेवला होता."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. कारण माझे नाना स्वतः हकीम होते. त्यांच्या मतबमध्ये मी लहानाची मोठी झाले. बुजुर्गांचा इलाज खरोखर असा होता काय? नानांच्या पेटीत इब्ने सीनाच्या 'अल-कानून'चा उर्दू तर्जुमा होता. तो काढला, इतर पुस्तकेही धुंडाळली. त्यातून हाती आलेली हकीकत वाचकांपुढे ठेवते.

हा आजार माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. आपल्या देशातील वैद्यांनी त्याला मधुमेह म्हटले, कारण रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे त्यांनी पाहिले होते. बारीक माणसाचा मधुमेह वेगळा आणि लठ्ठ माणसाचा वेगळा, हेही त्यांनी ओळखले होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अरेटियस या ग्रीक वैद्याने या रोगात माणसाचे मांस जणू वितळून लघवीवाटे निघून जाते, असे वर्णन केले. डायबेटिस हा शब्दही ग्रीकच. त्याचा अर्थ आरपार निघून जाणे. अरबीत आणि उर्दूत तोच 'जियाबेतुस' झाला.

इब्ने सीनाने (९८०-१०३७) या आजाराची आणखी काही अरबी नावे दिली आहेत. त्यांपैकी एक आहे 'दूलाब', म्हणजे विहिरीवरचा रहाट. रहाटाची गाडगी भरून वर येतात, रिकामी होतात, पुन्हा खाली जातात. रोग्याचे तसेच होते. पाणी प्यायचे, बाहेर टाकायचे, पुन्हा तहान. हे नाव वाचले आणि वर्गातला तो वर झालेला हात मला आठवला. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने जे नेमके टिपले होते ते मला डोळ्यांसमोर असून दिसले नाही.

पण इब्ने सीनाचे सगळेच बरोबर होते असे नाही. या रोगाचे मूळ त्याला मूत्रपिंडात आहे असे वाटे. त्याच्या हाती जी साधने होती त्यांवरून त्याने तो अंदाज बांधला आणि तो चुकला. 'अल-कानून'ची खरी थोरवी मला दुसऱ्याच ठिकाणी दिसली. त्याच्या दुसऱ्या खंडात औषधाची परीक्षा कशी घ्यावी याच्या सात अटी दिल्या आहेत. औषध शुद्ध असावे, त्यात बाहेरचा गुण शिरलेला नसावा. ते साध्या, एकाच रोगावर पाहावे. गुंतागुंतीच्या रोगात गुण कशाने आला हे कळत नाही. परस्परविरुद्ध रोगांवर ते वापरून पाहावे. औषधाचा जोर रोगाच्या जोराला साजेसा असावा. गुण किती वेळाने आला हे नोंदवावे. तो एकदाच आला की नेहमी येतो हे पाहावे, कारण एकदा आलेला गुण योगायोगही असू शकतो. आणि शेवटी परीक्षा माणसाच्याच शरीरावर व्हावी. सिंहावर किंवा घोड्यावर आलेला गुण माणसावर येईलच असे नाही. त्या पुडीवाल्याला यातली एक तरी अट ठाऊक होती काय?

दुसरे बुजुर्ग बगदादचे अब्दुल लतीफ (११६२-१२३१). त्यांनी जियाबेतुसवर स्वतंत्र रिसाला लिहिला. ते इजिप्तमध्ये असताना १२००च्या सुमारास तेथे भयंकर दुष्काळ पडला. जागोजाग हाडांचे ढीग पडले होते. हजार वर्षांपासून वैद्यकात जालीनूसचा, म्हणजे गॅलनचा शब्द प्रमाण मानला जात होता. गॅलनने खालच्या जबड्याची हाडे दोन सांगितली होती. अब्दुल लतीफ यांनी दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्या आणि लिहून ठेवले की हाड एकच आहे. गॅलनविषयी त्यांना आदर होता, पण डोळ्यांची साक्ष त्यांनी वरची मानली. बुजुर्गांचा इलाज म्हणतात तो हा. आधी पाहायचे, मग मानायचे.

पुढचे काम युरोपात झाले. १६७४मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिसने लघवीच्या गोडीची नोंद केली. १७७६मध्ये मॅथ्यू डॉब्सनने ती गोडी साखरेचीच आहे हे दाखवले. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणखी एक भेद स्पष्ट झाला. तहान तशीच, लघवी तशीच वारंवार, पण साखर मुळीच नाही, असेही काही थोडे रोगी असतात. हा दुर्मिळ आजार डायबेटिस इन्सिपिडस. म्हणजे इब्ने सीनाच्या रहाटाला दोन वेगळ्या विहिरी होत्या.

१८८९मध्ये जर्मन संशोधक मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. आपले हकीम ज्याला 'लबलबा' म्हणतात तोच हा अवयव. रोगाचे मूळ मूत्रपिंडात नव्हते, इथे होते. १९०५मध्ये स्टार्लिंगने 'हार्मोन' हा शब्द वापरात आणला. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो. हार्मोन म्हणजे एका ग्रंथीने रक्तात सोडलेला निरोप. तो दूरच्या अवयवाला पोहोचतो आणि तेथले काम सुरू होते किंवा थांबते. निरोप थेंबाएवढा असतो, पण तो आला नाही तर सारे शरीर बिघडते. साखर नसलेल्या त्या दुर्मिळ आजारातही बहुधा असाच एक निरोप हरवलेला असतो. मेंदूतून येऊन मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगणारा तो हार्मोन. १९१३मध्ये पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून अशा रोग्यांची लघवी कमी होते हे दिसून आले.

मधुमेहाचा निरोप हाती लागायला आणखी काही वर्षे लागली. तोवर टाईप १ झालेल्या मुलांना उपासमारीच्या पथ्यावर ठेवले जाई. त्याने मरण थोडे लांबे, इतकेच. १९२१मध्ये कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत काम सुरू केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. ते फसले. गुण नाममात्र आला आणि टोचल्या जागी गळू झाले. कॉलिप या रसायनतज्ज्ञाने अर्क अधिक शुद्ध केला. २३ जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शने सुरू झाली आणि मुलाच्या रक्तातली साखर उतरली. माझ्या विद्यार्थिनीच्याच वयाचा हा मुलगा. औषधाची शुद्धता ही इब्ने सीनाची पहिली अट होती, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. संशोधकांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना १९२३चे नोबेल मिळाले.

मग सुईच का, पुडी का नाही? इन्सुलिन हे प्रथिन आहे. तोंडाने घेतले तर पोटात ते डाळीसारखे पचून जाते. टाईप १मध्ये शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. टाईप २मध्ये ते बनते, पण पुरे पडत नाही किंवा शरीर त्याला नीट दाद देत नाही. हा फरक १९३६मध्ये हिम्सवर्थने दाखवला. म्हणून टाईप २च्या अनेक रोग्यांचे गोळ्यांवर, पथ्यावर, चालण्यावर भागते. टाईप १च्या मुलाचे भागत नाही. 'सुई सुटत नाही' हे खरेच आहे, पण ते व्यसन नव्हे. रोजची भाकरीही सुटत नाही, तिला आपण व्यसन म्हणतो काय?

याचा अर्थ जडीबुटी खोटी, असा मात्र नव्हे. हकीम अजमल खान यांच्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १९२१मध्ये गांधीजींनी केले, तेव्हा त्यांनी पाश्चात्त्य वैज्ञानिकांच्या शोधक वृत्तीची मुद्दाम तारीफ केली होती. अजमल खान यांनाही तेच हवे होते. त्यांनी सलीमुज्जमाँ सिद्दीकी या तरुण रसायनतज्ज्ञाला संशोधनासाठी बोलावून घेतले. १९३१मध्ये सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळातून एक द्रव्य वेगळे काढले आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला 'अजमलीन' म्हटले. ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा हृदयाचा एक दुर्मिळ विकार ओळखण्यासाठी अनेक देशांत आजही अजमलीनची चाचणी करतात. याच सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा गुण मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये रोग्यांच्या नोंदींसह जगापुढे मांडला. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीचे मूळही युरोपातील गॅलेगा नावाच्या वनस्पतीत आहे. त्या मुळापासून १९५७च्या गोळीपर्यंत यायला कित्येक वर्षांची तपासणी लागली. आपल्याकडच्या विजयसाराचीही भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने चाचणी घेतली. तिचा निष्कर्ष १९९८मध्ये आला आणि तो बरा होता. पण ती चाचणी नव्याने निदान झालेल्या टाईप २च्या रोग्यांवर होती. विजयसाराच्या पेल्यातले पाणी पाजून लहान मुलाचे इन्सुलिन तोडा, असे तिच्यात कोठेही नाही.

नाना नब्ज पाहत, काचेच्या बाटलीत कारूरा पाहत, आणि काही रोग्यांना नुस्खा न देता सिव्हिल हॉस्पिटलची चिठ्ठी देत. लहानपणी मला त्यात कमीपणा वाटे. नानांना जमले नाही म्हणून पाठवले, असे वाटे. आज वाटते, त्या चिठ्ठीतच त्यांची हकीमी होती. मुंबई, मालेगावच्या तिब्बिया कॉलेजांतून शिकून आलेले आजचे हकीमही रक्ताची तपासणी पाहिल्याशिवाय नुस्खा लिहीत नसतील, तर तेच त्यांचे खरे वारसदार. पुडीत काय आहे हे न सांगणारा माणूस दाढी राखून, बुजुर्गांचे नाव घेऊन आला तरी तो त्या घराण्याचा नव्हे. त्याला आपल्या माता-भगिनींनी तीन सवाल जरूर विचारावेत. पुडीत काय आहे? हा रोग कोणत्या प्रकारचा आहे? आणि चालू औषध बंद केल्यावर काही झाले तर जबाबदार कोण?

ती मुलगी आता दहावीत आहे. इंजेक्शन स्वतः घेते, दप्तरात साखरेची पुडी ठेवते, साखर अचानक उतरली तर लागते म्हणून. मी तिची माफी मागितली तेव्हा ती नुसती हसली. माझ्या वर्गात आता पाणी प्यायला किंवा बाहेर जायला कोणाला इजाजत मागावी लागत नाही. पण एखादे मूल वरचेवर उठू लागले की मी त्याच्या घरी जाते आणि आईला विचारते, रात्रीही असेच उठते का?